मुलाच्या हाती चावी देण्याआधी

मुलगा नववी-दहावीत गेला की पुष्कळ घरांत एकच हट्ट सुरू होतो, मोटारसायकलच्या चावीचा. "वर्गातले सगळे चालवतात, मलाच का नाही?" आधी गल्लीच्या टोकापर्यंत, मग दूध आणायला, मग क्लासला, आणि एक दिवस मागे दोन दोस्तांना बसवून थेट हायवेला. वडील घरी असले तर एकदा आवाज चढवून भागते. पण आमच्या कोकणातल्या कितीतरी घरांसारखे ते दुबईला किंवा दोह्याला असले, तर नकाराचे सगळे ओझे एकट्या आईवर येते. फोनवर वडील म्हणतात, "दे गं थोडा वेळ, किती रडवणार पोराला." आणि चावी दिली जाते.

कायदा याबाबतीत स्पष्ट आहे. नेहमीची मोटारसायकल चालवायला १८ वर्षे पूर्ण हवीत. १६ व्या वर्षी मुभा मिळते ती फक्त ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीची. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात कलम १९९-अ आले. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला, तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत लायसन्स मिळत नाही. आकडेही समोर आहेत. २०२२ साली आपल्या देशात रस्ते-अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांतली ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीवरची होती. मिसरूडही न फुटलेल्या मुलाच्या जनाज्यात उभे राहावे लागलेले वाचकही असतील. त्यांना आम्ही आणखी काय सांगावे?

पण हे सगळे मुलाला सांगून पाहा. तो मान हलवतो आणि चावी कोणत्या खिळ्याला टांगली आहे तिकडे बघत राहतो. त्याला गाडी हवी असते, आकडे नको असतात. म्हणून या महिन्यात आम्ही एक वेगळा मार्ग सुचवणार आहोत. रिमोटवर चालणारी मोटारसायकल किटमधून, म्हणजे सुट्या भागांतून, घरी जोडायची. आमच्या आपाचा मुलगा पंधरा वर्षांचा. दुल्हाभाईंनी त्याला फोनवर गाडीचे वचन दिले होते. आपाने आणि आम्ही समजूत घातल्यावर सुट्टीवर येताना त्यांनी गाडीऐवजी हे किट आणले. पहिली पिशवी बाप-लेकाने मिळून जोडली, मग दुल्हाभाईंची सुट्टी संपली. पुढचे काम भाचा, आमची सातवीतली मुलगी आणि आम्ही असे तिघांनी सहा आठवडे, बहुतेक जुम्याच्या आणि रविवारच्या संध्याकाळी, पुरे केले. त्यात काय काय कळले, ते सांगतो.

किट म्हणजे काय

दूरवरून, तारेशिवाय एखादी वस्तू चालवण्याचा प्रयोग जुना आहे. १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये निकोला टेस्लाने पाण्याच्या हौदात रेडिओलहरींनी छोटी होडी चालवून दाखवली होती. घरी जोडायच्या मॉडेलांची आवड मात्र जगभर पसरवली ती मुख्यतः जपानने. शिझुओका शहरातली तामिया कंपनी १९४६ साली लाकूड-व्यवसायातून सुरू झाली, पुढे मॉडेलांकडे वळली, आणि १९७६ साली तिने पोर्श ९३४ ही रेडिओवर चालणारी मोटार किट म्हणून बाजारात आणली. चारचाकींची किटे तेव्हापासून शेकड्यांनी निघाली. दुचाकींची मात्र थोडीच. कारण सरळ आहे. चारचाकी उभी राहते, दुचाकी पडते.

तरी निघाली. क्योशो या जपानी कंपनीने होंडा एनएसआर ५०० या शर्यतीच्या गाडीची १/८ मापाची प्रतिकृती किट म्हणून काढली. हीच ती गाडी, जिच्यावर ऑस्ट्रेलियाच्या मिक डूहनने १९९४ ते १९९८ अशी सलग पाच वर्षे जगज्जेतेपद मिळवले. तामियाने २०१८ साली 'डान्सिंग रायडर' नावाचे तीन चाकांचे किट आणले. पुढे एक चाक, मागे दोन, आणि वळताना स्वारासह पुढचा भाग झुकतो. धाकट्या मुलांसाठी ते सोपे, कारण उभे राहण्याची चिंता नाही. अमेरिकेच्या लोसी कंपनीची २०२३ ची 'प्रोमोटो-एमएक्स' १/४ मापाची, पण ती तयार जोडलेली येते. आमच्या कामाला तयार गाडी उपयोगाची नव्हती. आम्हाला हवे होते ते जोडणे.

१/८ माप म्हणजे खरी गाडी दोन मीटर लांब असेल तर मॉडेल २५ सेंटिमीटरचे. डब्यात चौकटीचे भाग, चाके, टायर, गिअर, पुढचे फोर्क, मागचा शॉक-अब्सॉर्बर, बेअरिंगे, स्वाराचा पुतळा आणि शेकडो स्क्रू असतात. रिमोट, रिसीव्हर, सर्व्हो, बॅटरी, चार्जर आणि रंग बहुधा वेगळे घ्यावे लागतात. घेण्याआधी डब्यावर नीट वाचावे. सगळे मिळून खर्च एखाद्या चांगल्या मोबाईलच्या घरात जातो. ज्याला झेपेल त्याने घ्यावे. हप्त्याने आणि व्याजाने घेण्याची ही वस्तू नव्हे. तीन-चार घरांनी मिळून एक घेतले तरी मुलांना शिकायला तेवढेच मिळते, उलट भांडणे सोडवायलाही शिकायला मिळते.

डबा उघडल्यावर

पहिल्या संध्याकाळी भाच्याला सगळ्या पिशव्या एकदम फाडायच्या होत्या. दुल्हाभाईंनी हात धरला. पिशव्यांवर अक्षरे असतात, माहितीपुस्तिकेत पायऱ्या असतात, आणि ज्या पायरीला जी पिशवी तीच उघडायची. स्क्रू दिसायला सारखेच. एक ३ मिलिमीटर जाडीचा आणि १० लांबीचा, दुसरा तितकाच जाड पण १२ लांबीचा. चुकून लांब स्क्रू आखूड जागी गेला तर आतल्या भागाला टोचतो. म्हणून पुस्तिकेत प्रत्येक स्क्रूचे चित्र खऱ्या मापात छापलेले असते. स्क्रू त्या चित्रावर ठेवायचा, जुळला तरच वापरायचा. आमच्या मुलीने अंड्यांचा रिकामा ट्रे आणला आणि प्रत्येक खळग्यात एक एक माप घातले. खाली जुनी पांढरी चादर अंथरली, म्हणजे पडलेला बारीक भाग दिसतो.

हत्यारांबद्दल दोन शब्द. जपानी किटमधले अधिकच्या खुणेचे स्क्रू आपल्याकडच्या साध्या चौफुली स्क्रू-ड्रायव्हरला नीट बसत नाहीत. टोक निसटते आणि स्क्रूचे डोके घासून गुळगुळीत होते. जेआयएस या जपानी मापाचा ड्रायव्हर मिळाला तर घ्यावाच. प्लॅस्टिकमध्ये स्क्रू बसवताना तो घट्ट लागला की थांबावे. आणखी अर्धा फेरा दिला की प्लॅस्टिकमधले आटे जातात आणि मग तो स्क्रू कधीच धरत नाही. याउलट धातूत धातूचा स्क्रू असेल तिथे गाडीच्या हादऱ्याने तो सैल होतो. तिथे आटे पक्के धरणाऱ्या निळ्या द्रवाचा, म्हणजे थ्रेडलॉकचा, एक थेंब लावायचा. हाच थेंब प्लॅस्टिकला लागला तर प्लॅस्टिक ठिसूळ होऊन तडकू शकते. कुठे किती जोर लावायचा आणि कुठे आवरायचा, हे पंधरा वर्षांच्या मुलाला तोंडी सांगून कळत नाही. एक आटा गेला की कळते.

सर्वांत अवघड काम ई-क्लिपचे. इंग्रजी ई अक्षरासारखी ही नखाएवढी कडी दांड्याच्या खाचेत दाबून बसवायची असते, आणि जरा हात चुकला की ती उडून पलंगाखाली जाते. आमच्या मुलीने युक्ती काढली. हात आणि भाग दोन्ही पारदर्शक पिशवीत घालून क्लिप बसवायची. उडाली तरी पिशवीतच राहते. त्या दिवसापासून बारीक कामे तिच्याकडे गेली, आणि भाचा "आपी, हे तू कर" म्हणायला लागला. तो तिच्याहून तीन वर्षांनी मोठा, हे विशेष.

कागदाची पट्टी

मोटरच्या दांड्यावरचा छोटा गिअर आणि त्याला लागून असलेला मोठा गिअर यांच्यात किती अंतर हवे, हा प्रश्न आला तेव्हा आम्ही मोहल्ल्यातल्या गॅरेजवाल्या चाचांना बोलावले. त्यांनी आयुष्यात मॉडेल पाहिले नव्हते. चष्मा लावून पाच मिनिटे बघितले आणि वहीचा कागद मागितला. कागदाची पट्टी दोन गिअरांच्या दातांमध्ये घालून गिअर एकमेकांना भिडवले, मोटरचे स्क्रू आवळले आणि पट्टी फिरवून बाहेर काढली. "आता कागदाएवढी जागा राहिली. याहून घट्ट असते तर मोटर तापली असती, सैल असते तर दात गेले असते." पुस्तिकेच्या पुढच्या पानावर नेमकी हीच युक्ती चित्रासह दिलेली होती. भाचा चाचांकडे बघतच राहिला. आठवी पास माणूस जपानी पुस्तिकेच्या आधी उत्तर देतो, हे त्याने त्या दिवशी पाहिले. हुनराची इज्जत करा, असे मुलांना कितीही सांगा, असा एक प्रसंग जास्त शिकवतो.

मग गिअरचे गणित निघाले. समजा, मोटर मिनिटाला १५,००० फेरे घेते आणि गिअरांमुळे तिचे ८ फेरे झाले की चाकाचा १ होतो. चाकाचे फेरे झाले मिनिटाला १,८७५. चाकाचा व्यास ८० मिलिमीटर धरला तर परीघ साधारण २५१ मिलिमीटर. दोहोंचा गुणाकार मिनिटाला ४७१ मीटर, म्हणजे तासाला सुमारे २८ किलोमीटर. वर्तुळाचा परीघ शाळेत अनेकदा काढून झाला होता. पण "मामू, हे गणित याच्यासाठी असतं होय!" हा उद्गार त्या संध्याकाळी पहिल्यांदा ऐकला. छोटा गिअर एका दाताने वाढवला तर काय होईल, हे त्याने स्वतःच काढले. वेग वाढेल, जोर कमी होईल आणि मोटर जास्त तापेल. तिन्ही उत्तरे बरोबर होती.

रंगाचेही एक शिकण्यासारखे आहे. गाडीचे वरचे आवरण पारदर्शक प्लॅस्टिकचे असेल तर रंग बाहेरून लावत नाहीत, आतून लावतात. त्यामुळे गाडी घासली तरी रंग टिकतो. आतून लावायचा म्हणून क्रमही उलटा. जी रेघ सर्वांत वर दिसायला हवी, ती सर्वांत आधी रंगवायची. गडद रंग आधी, फिका नंतर. आणि रंगाच्या वासात मुलांना बंद खोलीत बसवू नये. काम अंगणात किंवा गॅलरीत करावे.

दुचाकी उभी का राहते

आता मुख्य गोष्ट. खराटा दांड्यावर उभा करून तळहातावर तोलून पाहा, थोड्या सरावाने जमतो. आता पेन्सिल तोलून पाहा. जमत नाही. वस्तू जितकी लहान तितकी ती लवकर पडते, आणि हात सावरेपर्यंत खेळ संपतो. १/८ मापाची मोटारसायकल खऱ्या गाडीपेक्षा सुमारे २.८ पट लवकर कलंडते. रिमोट हातात घेतलेला माणूस वीस पावलांवरून तिला सावरू शकत नाही. म्हणजे तिला स्वतःलाच सावरता आले पाहिजे.

ती सावरते कशी? मोटारसायकलचा पुढचा फोर्क सरळ उभा नसतो, पुढे झुकलेला असतो. त्याच्या मानेची रेषा खाली वाढवली तर ती जमिनीला चाक टेकते त्याच्या थोडी पुढे टेकते. चाक त्या रेषेच्या मागून ओढल्यासारखे चालते, जसे दवाखान्यातल्या स्ट्रेचरचे चाक ढकलाल तिकडे आपोआप वळते. गाडी उजवीकडे कलली की हँडल आपोआप उजवीकडे वळते, चाके कललेल्या बाजूच्या खाली येतात आणि गाडी उभी राहते. फिरत्या चाकाचाही यात वाटा आहे, पण सगळे श्रेय त्याला देता येत नाही. १९७० साली डेव्हिड जोन्स या इंग्रज शास्त्रज्ञाने मुद्दाम उलट फिरणारे जादा चाक लावून तो परिणाम घालवला, तरी त्याची सायकल चालवता आली. २०११ साली हॉलंड-अमेरिकेच्या संशोधकांनी तर हे दोन्ही परिणाम काढून टाकलेली छोटी सायकल बनवली आणि तीही स्वारावाचून तोल सावरत गेली. काही मॉडेलांत मागच्या चाकात वेगाने फिरणारे जड चक्र बसवतात, त्याने कमी वेगातही आधार मिळतो. पण एक अट प्रत्येक दुचाकीला लागू आहे. पडण्याच्या दिशेने हँडल वळायला मोकळे असले पाहिजे.

म्हणून या मॉडेलमध्ये सर्व्हो, म्हणजे हँडल वळवणारी छोटी मोटर, हँडलला कडक सळईने बांधत नाहीत. मध्ये स्प्रिंग असते. सर्व्हो हँडलला हलका रेटा देते, त्याला धरून ठेवत नाही.

भाच्याला हे पटले नाही. हँडल डुगडुगते म्हणून त्याने मानेचा नट चांगला आवळला. पहिल्या दिवशी शाळेच्या मैदानात गाडी सोडली की चार मीटरवर आडवी. पुन्हा सोडली, पुन्हा आडवी. दहा-बारा वेळा. त्याचा चेहरा उतरला. रिमोट खराब, मोटर खराब, कंपनी खराब, असे सगळे दोष देऊन झाले. चाचांनी गाडी मागून हातात धरली आणि हळूच उजवीकडे कलवली. हँडल जागचे हलले नाही. "गाडीची मान आखडलीय," ते म्हणाले. भाच्याने नट पाव फेरा सैल केला. पुन्हा कलवली, हँडल आपसूक उजवीकडे आले. पुढच्या वेळी गाडी डुगडुगली, सावरली आणि मैदानाच्या पार टोकाला गेली.

डावीकडे वळवा, म्हणजे उजवीकडे जाईल

दुसरे कोडे याहून गमतीचे. आमच्या किटच्या बांधणीत, गाडी उभी असताना रिमोटवर उजवीकडे केले की पुढचे चाक क्षणभर डावीकडे वळते. भाच्याला वाटले, तारा उलट्या लागल्या. पण पुस्तिकेत ठळक अक्षरांत लिहिले होते की असेच असायला हवे. दुचाकीला उजवीकडे वळायचे तर आधी उजवीकडे कलावे लागते, आणि कलण्यासाठी चाके क्षणभर डावीकडे सरकावी लागतात. मग हँडल स्वतःच उजवीकडे येते आणि गाडी वळते.

खऱ्या मोटारसायकलवरही वेगात हेच घडते. आपल्याला ते जाणवत नाही, इतकेच. विमानाचे संशोधक राइट बंधू सायकलींचे दुकान चालवत. विल्बर राइट यांनी कितीतरी सायकलस्वारांना विचारून पाहिले की डावीकडे वळताना तुम्ही काय करता. आधी हँडल उजवीकडे जाते, हे जवळजवळ कोणालाच सांगता आले नाही. रोज करतात, पण माहीत नाही. संकटात हेच न कळणे घात करते. समोर अचानक ट्रक आला की नवशिका स्वार घाबरून हँडल घट्ट धरतो, हात ताठ होतात, गाडी कलत नाही आणि सरळ जाऊन आदळते. हे भाच्याला आम्ही सांगितले नाही. मैदानात मॉडेलकडे बघत त्यानेच विचारले, "मामू, खऱ्या गाडीवर असं झालं तर माणूस काय करतो?" चावीच्या हट्टानंतर मोटारसायकलविषयी त्याने विचारलेला हा पहिला खरा प्रश्न.

थांबण्याचेही तसेच. आम्ही मैदानात चुन्याची रेघ मारली आणि त्या रेघेवर ब्रेक लावायला सांगितले. वेग साधारण दुप्पट केला की थांबायला लागणारे अंतर दुप्पट होत नाही, सुमारे चौपट होते. आमच्या मुलीने पावलांनी मोजले आणि वहीत लिहिले. ताशी ३० आणि ताशी ६० यांतला फरक भाच्याने त्या वहीत पाहिला. आपा तीन वर्षे जे सांगत होती, ते चुन्याच्या रेघेने सांगितले.

बॅटरीशी खेळ नको

इथे मोठ्या माणसाने हजर राहायलाच हवे. हलक्या आणि ताकदवान म्हणून लिथियम-पॉलिमर बॅटऱ्या वापरतात. दोन सेलच्या बॅटरीवर ७.४ व्होल्ट लिहिलेले असते. पूर्ण भरल्यावर प्रत्येक सेल ४.२ व्होल्टचा होतो, त्याहून जास्त कधीच भरू नये, आणि ३ व्होल्टच्या खाली उतरू देऊ नये. चार्जर त्याच जातीच्या बॅटरीचा हवा. चार्जिंग पलंगावर, गादीवर, रात्री झोपताना किंवा घर सोडून जाताना करू नये. फरशीवर किंवा मातीच्या कुंडीत ठेवून, समोर बसून करावे. फुगलेली किंवा आपटलेली बॅटरी पुन्हा वापरू नये. चार-पाच दिवस वापर नसेल तर सेल ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवावा, पूर्ण भरून नको. घरात लहान मुले असतील तर निकेल-मेटल-हायड्राइड बॅटरी बरी. जड असते, वेग कमी मिळतो, पण चुका जास्त सोसते.

आधी रिमोट चालू करायचा, मग गाडी. बंद करताना आधी गाडी, मग रिमोट. उलटे केले तर गाडी कोणाच्याही ताब्यात नसते. आजचे रिमोट २.४ गिगाहर्ट्झवर चालतात आणि प्रत्येक रिमोटची आपल्या रिसीव्हरशी ओळख करून दिलेली असते, त्यामुळे शेजारच्या मुलाच्या रिमोटने आपली गाडी पळत नाही. गाडी चालवायची ती मोकळ्या मैदानात. रस्त्यावर नाही, गच्चीवर नाही, बाजारात तर नाहीच. किलो-दीड किलोचे मॉडेल ताशी २८ किलोमीटरने कोणाच्या घोट्यावर आदळले तर हाड दुखावते. फिरत्या चाकाजवळ बोट नेऊ नये, आणि मुलींच्या ओढणीची टोके आवरलेली असावीत.

घट्ट नाही, सैल नाही

कुणी विचारेल, एका खेळण्याने मुलाचा हट्ट गेला का? गेला नाही. अठराव्या वर्षी त्याला गाडी हवीच आहे आणि ती मिळेल, इन्शाअल्लाह. फरक इतकाच पडला की आता तो चावी मागत नाही, तारीख विचारतो. लर्निंग लायसन्स कधी निघते, हेल्मेटवर आयएसआयची खूण कुठे बघायची, गाडीत एबीएस असावे की नसावे. रविवारी दोन तास चाचांच्या गॅरेजमध्ये जाऊन बसतो. पडलेल्या गाड्या दुरुस्तीला येतात, त्या बघतो, आणि घरी येऊन आपाला सांगतो की कोणती गाडी कशामुळे पडली. दुल्हाभाई तिकडून व्हिडिओवर मॉडेल बघतात आणि नट-बोल्टांबद्दल विचारतात. आधी बाप-लेकांत "पैसे पोहोचले का" आणि "अभ्यास कर" याच्यापुढे बोलणे जात नसे.

ज्या घरात वडील दूर असतात, तिथे वस्तू पाठवून प्रेम दाखवायची सवय लागते. त्यात वाईट काही नाही. पण वस्तू अशी पाठवावी की तिच्यावर बोलायला दोघांना काही उरेल. तयार मोटारसायकल मुलाला घरापासून दूर नेते. सुटे भाग त्याला सहा आठवडे घरात, चादरीवर बसवतात. किट परवडत नसेल तर जुन्या सायकलचा हब उघडून साफ करायला द्या, बंद पडलेला पंखा खोलायला द्या, मोहल्ल्यातल्या मिस्त्रीच्या हाताखाली सुट्टीत बसवा. मात्र सोबत तुम्ही बसा. मुलगी असेल तर तिलाही बसवा, पाना काही मुलगा-मुलगी बघत नाही.

आणि त्या मानेच्या नटाचे विसरू नका. घट्ट आवळला की गाडी चार मीटरवर पडते, काढूनच टाकला तर हँडल हातात येते. पाव फेऱ्याचा हिशेब आहे. तो प्रत्येक घराने आपापल्या मुलाकडे बघून करायचा असतो. आम्ही एवढेच सांगू की नट कोणता, हे आधी नीट पाहा.

पुढच्या अंकात घरातल्या शिलाई मशीनकडे वळू. सुई खाली जाते, वर येते आणि दोन धाग्यांची गाठ कशी बसते, हे किती जणांना सांगता येईल? तोवर मुलांना विचारून ठेवा.